न वाजलेला सेन्सर

वाइनरीत टाकी धुताना पुंडलिक कोसळला आणि बाहेर काढेपर्यंत गेला. द्राक्षरस आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड टाकीच्या तळाशी साचला होता. तो मोजणारा सेन्सर वाजलाच नाही.

तेराव्यानंतर सुपरवायझर गायधनी त्याच्या घरी गेला. सेन्सर सारखा वाजायचा आणि काम थांबायचं, म्हणून भोंग्याची वायर त्यानेच काढून ठेवली होती. चौकशीत मात्र त्याने ‘सेन्सर बिघडला होता’ असं सांगितलं होतं.

पुंडलिकच्या बायकोने पाणी पुढे केलं. “हे म्हणायचे, मशीन गप्प आहे तोवर मला काही होत नाही.”

“वहिनी, वायर मी काढली होती,” गायधनी खालमानेने म्हणाला.

तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. मग म्हणाली, “सासूबाई रोज विचारतात, माझ्या लेकाचं काय चुकलं. आत आहेत. त्यांना सांगा.”