वाकडं ठिगळ

"एवढ्या जवळून फोटो मागत्यात, गोधडीचं काय लगीन जमवायचंय?" इंदूआत्या माझ्या कानाशी पुटपुटली होती. आम्ही राजूरच्या बायका ऑनलाइन गोधड्या विकायचो, आणि साईटचा नवा नियम होता: प्रत्येक टाका दाखवा, नाहीतर दुकान बंद. आत्याच्या गोधडीवरचं, तिच्या आईच्या लुगड्याचं वाकडं ठिगळही तिच्या सूनबाईनं फोटोत घेतलं. संक्रांतीनंतर ऑर्डरी आटल्या. तशीच गोधडी त्याच साईटवर निम्म्या किमतीत दिसली, म्हणून आम्ही मागवली. आज पार्सल फोडलं. कापड गुळगुळीत, टाका एकही नाही. टाके, वाकडं ठिगळ, सगळं छापलेलं. आत्यानं त्या ठिगळावर नख फिरवलं. नखाला काहीच अडकलं नाही. आम्ही साईटला शिव्या दिल्या आणि एकमेकींकडे न बघता सुया ओवल्या. आत्यानं ती छापील गोधडी अंगावर घेऊन पाहिली आणि घडी घातली. "हलकी हाय," ती म्हणाली. "मी बी हीच घेतली असती."