साठ टक्के बूटलोडर

"पाणी आलं!" गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी वरडलं, अन् बुद्धभूषण खुर्चीतनं अर्धा उठला.

लॅपटॉपवरची पट्टी एकतीस टक्क्यांवर होती. लॅपटॉपमधनं निघालेली वायर टेबलावरच्या काळ्याठिक्कर फोनमध्ये घुसलेली. अँड्रॉइड सोडून लिनक्सवर चालणारा फोन, लेकीनं पहिल्या पगारातनं घेऊन दिलेला. चालू होताना फोनमध्ये सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तोच बदलणं चाललं होतं. जुना पुसून झाला होता. नवा पुरा उतरला नाय तर फोन परत उठणार नव्हता.

"शनिवारी मी आल्यावर करू पप्पा, एकट्यानं हात लावू नका," करुणानं पुण्याहून बजावलं होतं. पन्नाशीच्या माणसाला नको म्हणलं की त्याला तेवढंच सुचतं.

त्याची बायको रत्नमाला मागच्या दारातनं आली, हातात पाईप. "उठा, सगळं बंद करा. मोटार लावते."

या घरात मोटार लावायची तर आधी फ्रीज, टीव्ही, पंखा, सगळं बंद. नायतर मीटरजवळचा खटका पडतो अन् घरभर अंधार. लॅपटॉपची बॅटरी तर दिवाळीतच मेलेली. लाईट गेली की तोही गेला.

"रत्ना, दोन मिनिटं."

"नऊ दिवसांनी आलंय पाणी. टाकीत खडखडाट हाये."

"करुणानं दिलेला फोन मरंल गं."

"मी म्हणले होते का हात लावा म्हणून?" ती कडाडली खरी, पण पाईप खाली ठेवून मोटारीच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. "त्याला म्हणावं लवकर आटप."

पट्टी सत्तेचाळीसवर. हात जोडले तरी पट्टी काय पळत नाय.

शेजारी साहेबरावांची मोटार घुरघुरली. तिच्यामागं पलीकडची. गल्लीचं व्होल्टेज पडलं, ट्यूबलाईट लुकलुकायला लागली. बुद्धभूषण धावत अंगणातल्या भिंतीपाशी गेला.

"साहेबराव, दोन मिनिटं मोटार बंद करा! फोन मरायलाय माझा!"

साहेबराव पाईप धरून खो खो हसले. "व्हय का? मागल्या खेपेला खोटंच 'पाणी आलं' म्हणून आख्खी गल्ली पाईप घेऊन पळवली तुम्ही. आज मोटारी बंद करायच्या? आज नाय फसणार, भाऊ!"

"आईशप्पथ, खरं सांगतो!"

"त्या दिवशी बी आईचीच शपथ होती."

पलीकडनं आणखी कुणीतरी हसलं. तिसरी मोटार लागली, चौथी लागली.

तो परत आला तवा पट्टी साठवर होती. लाईट गेली अन् लगेच आली. गल्लीत कुणाला कळलंसुद्धा नाय. लॅपटॉप मात्र विझला.

त्यानं वायर काढली. फोनचं बटण दाबून दहा आकडे मोजले. परत दाबलं. ना थरथर, ना उजेड. पुसून बघितला, तळहातावर हळूच आपटून बघितला. मग नुसताच धरून बसला.

रत्नमालानं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"लावू आता?"

त्यानं मान हलवली. मोटार लागली. पाईपातनं आधी हवा आली. मग तांब्याभर गढूळ पाणी. मग पुन्हा हवा. चाळीस मोटारींनी आधीच सगळं ओढून घेतलं होतं.

तेवढ्यात रत्नमालाचा फोन वाजला. करुणा. "मम्मी, पप्पांचा फोन का लागत नाय?"

रत्नमालानं नवऱ्याकडं बघितलं. मग फुसफुसणाऱ्या पाईपाकडं.

"पाणी आलंय बाई," ती म्हणली. "पप्पा टाकी भरायलेत."