बदामाची वाळकी पानं

सकाळीच झाडून लख्ख केलेल्या अंगणात आईने पाऊल टाकलं आणि पायाखाली कुर्रकन पान मोडलं. दारापासून फाटकापर्यंत बदामाची वाळकी पानं पुन्हा पसरलेली होती. आठवडाभर हाच छळ चालू होता.

"कार्टे, पुन्हा?" आई कडाडली.

सहा वर्षांची लेक ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण कुंपणाशी लावलेला पानांचा ढीग मात्र बरोबर सापडायचा.

"मी झाडून झाडून मरायचं आणि तू पसरायचं? खेळायला दुसरं काही मिळत नाही का गं?"

"मी खेळत नाहीये!" लेकही वैतागली होती. "किती वेळ लागतो माहितीये? ओली पानं वाजत नाहीत, ती चाचपून बाजूला काढावी लागतात. आणि तू सगळंच झाडून टाकतेस."

"वाजायला ते काय खुळखुळे आहेत?"

"मावशी म्हणते, मी रडते म्हणून तू न सांगता कामावर जातेस. काल तू गेल्यावरसुद्धा मी कितीतरी वेळ तुझ्याशीच बोलत होते." लेकीने नाक पुसलं. "मी नाही रडणार. पण तू गेलीस हे मला कळायला नको?"

आईच्या खांद्याला पर्स होती आणि चपला हातात होत्या.