घेवड्यासाठी प्रार्थना

आत्याला खिडकीजवळ बसायची परवानगी होती, ट्रेला हात लावायला मात्र सक्त मनाई. खुर्ची कुठे ठेवायची तेही भाचीने फरशीवर खडूने आखून दिलं होतं.

“आणि शिंक आली तर?” आत्याने विचारलं.

“तोंड दाराकडे.”

भाची जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. आईवडील गेल्यापासून ती आत्याकडेच वाढली. लहानपणी तिने एक मेलेलं झुरळ काडेपेटीत जपून ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून त्याच्या मिशा दाखवत शंका विचारल्या होत्या. तेव्हापासून आत्या तिला शंकासूर म्हणायची.

आत्याचा विश्वास देवावर, शंकासुराचा पुराव्यावर. त्यावरून दोघींचं रोज वाजायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत मिटायचंही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी, असं शंकासुराचं म्हणणं. पण कुणी दावा केला की तिला राहवत नसे. आणि आत्याने तो केला होता. शिलाई मशीनशेजारच्या कुंडीतलं मरायला टेकलेलं रोप आपल्या प्रार्थनेने जगलं, असं ती गिऱ्हाइकांना कपड्यांची मापं घेता घेता सांगायची.

शंकासुराने तोच प्रकल्पाचा विषय केला. ज्याचा प्रकल्प पहिला येईल त्याला सुट्टीत संशोधन प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. त्या एका जागेसाठी ती झुरत होती. झोपेतही पेशींबद्दल बडबडायची.

आत्या लगेच तयार झाली. यातून तुला काय निघायला हवंय, एवढंच तिने विचारलं. काहीच फरक पडायला नको, शंकासूर म्हणाली. दोन्ही ट्रे सारखे वाढले की तिचं म्हणणं सिद्ध झालं. आत्याने मान डोलावली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

मग घेवड्याच्या बिया आल्या. एकाच पिशवीतली माती, मापाने पाणी, एकच खिडकी. ऊन कमीजास्त नको म्हणून ट्रेच्या जागा रोज बदलायच्या. एका ट्रेवर लाल टिकली, त्याच्यासाठी आत्याने प्रार्थना करायची. दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. रोपांची उंची मोजायला वर्गातली मैत्रीण यायची, आणि ती यायच्या आधी टिकली झाकलेली असायची.

आत्या रोज सकाळी गळ्यातली टेप काढून ठेवायची, खुर्चीत बसायची, डोळे मिटायची. शंकासूर त्या वेळी दार ओढून बाहेर जायची. दुसऱ्याच्या प्रार्थनेत नाक खुपसणं तिला असभ्य वाटायचं. तेवढा वेळ ती स्वयंपाकघरात चहा टाकायची आणि मनातून खूश असायची. इतका चोख प्रयोग तिने आजवर केला नव्हता.

घेवडा तरारून वर आला. दोन्ही ट्रेमधला. शेवटची मापं घेऊन मैत्रिणीने सरासरी काढली, तेव्हा दोन ट्रेंमध्ये केसाएवढाही फरक नव्हता. शंकासुराने आत्याला मिठी मारली आणि मग तिला वाईट वाटलं. बिचारी इतकी मनापासून बसली होती. आत्या मात्र तिच्या पाठीवरून हात फिरवत हसत होती.

परीक्षक प्रकल्प कापून काढण्याबद्दल प्रसिद्ध होते. मुलं त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. प्रयोगातली साक्षीदार म्हणून आत्यालाही सभागृहात बोलावलं होतं. ती ठेवणीतला पोशाख घालून पहिल्या रांगेत बसली होती.

कात्रींनी मातीबद्दल विचारलं, पाण्याबद्दल विचारलं, उन्हाबद्दल खोदून खोदून विचारलं. शंकासुराकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. या वर्षी पहिल्यांदाच कापण्यासारखं काही सापडत नाही, असं ते म्हणाले तेव्हा मागच्या बाकांवर कुजबूज झाली. प्रयोगशाळेतली ती जागा तिला आता डोळ्यांसमोर दिसायला लागली.

फक्त एक शंका उरली होती. ती त्यांनी आत्यालाच विचारली.

“बाई, तुम्ही प्रार्थना मनापासून करत होतात ना? की भाचीला बरं वाटावं म्हणून नुसत्या बसत होतात?”

“अगदी मनापासून. एकही दिवस चुकवला नाही.”

“आणि तरी ती फळली नाही,” कात्री हसून म्हणाले.

सभागृहही हसलं. शंकासुराला ते लागलं. आपल्यापायी आत्याची चारचौघांत थट्टा झाली, असं वाटून ती पुढे होणार, तोच आत्या उठून उभी राहिली.

“फळली की,” ती म्हणाली. “पोर एवढी राबत होती. मी त्या लाल टिकलीवाल्यासाठी रोज एकच मागितलं, याला दुसऱ्यापेक्षा तसूभरही जास्त वाढू देऊ नकोस.”