नाव शेवटी सांगायचं

अंशुमनने जयदीपकडे असं पाहिलं, जणू त्याने सत्यनारायणाच्या प्रसादात कांदा घातला होता. बिचारा एवढंच म्हणाला होता की स्लाइड गिटार ऐकावी म्हणून त्याने मोबाइलवर एक तयार प्लेलिस्ट लावली आणि त्याला ती आवडली.

"आवडली," अंशुमन म्हणाला. "आवडायला आहे का यार हे? त्या माणसांनी रक्त ओकलंय."

जयदीप त्याच्याच ऑफिसातला, दिल्लीत नवा. त्याने मान खाली घातली आणि बिस्कीट चहात बुडवून ठेवलं, ते तिथेच विरघळलं.

हेमांगी ट्रे घेऊन दारात उभी होती. मयूर विहारच्या या हॉलमध्ये दर रविवारी हे असं चालायचं. नवरा खुर्चीत, पाहुणे खाली गादीवर. तारांवरून नळी घसरवत वाजवलेले अमेरिकेतले जुने ब्लूज ऐकायचे, आणि ते कसे ऐकायचे हे अंशुमनकडून शिकायचं. नियम एकच. वाजवणारा कोण ते आधी सांगायचं नाही, नाव शेवटी. अंशुमन डोळे मिटून त्या वादकाची कुंडली मांडायचा आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघायची. त्याचा कान तयार होता, हे हेमांगीलाही नाकारता येत नव्हतं. समुद्रापलीकडच्या, मरून गेलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं दुखणं त्याला पाठ होतं. घरातल्या म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी कुठली, हे मात्र बायकोला विचारावं लागे.

घरातला म्हातारा, म्हणजे त्याचे वडील अण्णासाहेब, आत्ता खाली बागेत उन्हाला बसले होते. पॅसेजमध्ये त्यांची बॅग भरून ठेवली होती. उद्या ते ग्रेटर नोएडातल्या वृद्धाश्रमात जाणार होते आणि त्यांच्या मागच्या खोलीत अंशुमनच्या रेकॉर्डची कपाटं येणार होती. वृद्धाश्रम हा शब्द घरात चालत नसे. अंशुमन त्याला सीनियर लिव्हिंग म्हणायचा. हेमांगीने दोन-तीनदा विषय काढून पाहिला होता. "अच्छा, मग रेकॉर्ड कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" याच्या पलीकडे बोलणं गेलं नाही.

अण्णा काही संतमाणूस नव्हते. आमटीत मीठ कमी पडलं की ते शेजाऱ्यांनाही कळे. पण करोल बागेतल्या गणेशोत्सवात त्यांनी वर्षानुवर्षं मांडीवर गिटार आडवी घेऊन सिनेमाची गाणी वाजवली होती. अंशुमनच्या लेखी तो घराण्याला लागलेला बट्टा होता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर अण्णांचा डावा हात थरथरू लागला. चाली निसटल्या. तारांवर घसरवायची जड लोखंडी कांब बोटांत ठरेना. तेव्हापासून ते खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तारांवर धरून एकाच ओळीभोवती घुटमळत बसत. या बाटलीचं अंशुमनला काही ठाऊक नव्हतं. मागून आवाज आला की तो हॉलमधला आवाज वाढवायचा.

"आज माझ्याकडेही एक आहे, फोनवर," हेमांगी म्हणाली.

"तुझ्याकडे?" अंशुमनने पाहुण्यांकडे बघून भुवया उंचावल्या. "आणि फोनवरून? चलो, ऐकव. थोडी करमणूकही हवी."

पाहुणे हसले. तिने ट्रे खाली ठेवला आणि फोनला वायर जोडली.

आधी नुसती खरखर. मग एक सूर खालून वर सरकला, मध्येच अडखळला, थरथरला आणि आल्या वाटेने परत फिरला. अंशुमनचा कप ओठांपाशी थांबला.

"काच आहे," तो हळूच म्हणाला. "लोखंड नाही, काच. आणि हा डाव्या हाताचा कंप बघा. असा मुद्दाम काढता येत नाही. हात आजारी आहे याचा. म्हातारा आहे. लहानशा खोलीत बसलाय, दार बंद करून."

"सर, याच्यात ऐकायचं काय नेमकं?" जयदीपने चाचरत विचारलं.

"गप्प बस, म्हणजे ऐकू येईल. याला खूप काही येत होतं. ते गेलंय. उरलेली एक ओळ धरून बसलाय बिचारा. घरात माणसं आहेत, पण ऐकणारं कुणी नाही, आणि हे त्यालाही माहीत आहे."

त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. हेमांगीला त्याची दया आली नाही. तिला संताप आला. इतकं सगळं कळत होतं या माणसाला.

"अशा कलावंताला जिवंतपणी कुणी विचारलं नसणार," अंशुमन म्हणाला. "नालायक असतात लोक. सांग हेमांगी, कोण हा?"

"नाव शेवटी," ती म्हणाली. "नियम तुझाच आहे. अजून संपलेलं नाही."

सूर पुन्हा चढू लागला. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्येच कुणीतरी दारावर थाप मारली. गिटार अर्ध्यात थांबली, आणि अंशुमनच्या महागड्या स्पीकरांतून अंशुमनचाच आवाज हॉलभर स्वच्छ ऐकू आला:

"अण्णा, ती कुंई कुंई बंद करा बरं. इथे माणसं गाणं ऐकतायत."