कड्याखालचा घास

आर्क्टिकच्या त्या बेटावर पायाखाली मऊ शेवाळ, इवली पिवळी फुलं आणि समोरच्या कड्यावर हजारो पक्ष्यांचा गलका होता. सहलीतच सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलेलं. तिथे कावळा कुठला मिळायला? ऊर्मिलानं गाइडची नजर चुकवून दहीभाताचा घास शेवाळावर ठेवला.

एकही पक्षी शिवेना.

“आई, बाबांची काळजी करू नकोस, मी आहे,” तिचा नवरा कपिल म्हणाला. तरी नाहीच.

मुलाचं स्टुटगार्टचं घर बघायचं सासूबाईंच्या मनातच राहिलं होतं. ऊर्मिलानं हात जोडले. “आई, चला आता, आपल्या घरी या.”

सगळा कडा गप्प झाला. एक पक्षी उतरला आणि घास घेऊन गेला.

आठवड्यानं दोघं बॅगा ओढत स्टुटगार्टच्या घरापाशी आले. बंद दाराआड हजारो पक्ष्यांचा गलका चालला होता.

कपिलनं कुलपात किल्ली घातली.

आत सगळं गप्प झालं.