मीठ दोनदा पडलं तेव्हा

“लागमनच्या शेवया आज पाण्यातून जरा लवकर काढल्यात,” नियाज आका म्हणाले, आणि तरीही पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

“नवा माणूस आहे, आका. सोमवारीच आलाय,” माहिनूर म्हणाली. “आत जाऊन त्याला काही बोलू नका हं. बिचारा आधीच घाबरट.”

खाणावळीच्या स्वयंपाकघरातून कणकेची लांब दोरी फळीवर आपटल्याचा आवाज येत होता. थाप, थाप, थाप. सावुतचं काम चोख होतं, पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. चार वर्षं आत काढून तो इस्तंबूलला पोचला होता. आत म्हणजे मायदेशातल्या कुठल्या छावणीत, हे झेतिनबुर्नूच्या त्या गल्लीत कोणी कोणाला विचारत नाही. जेवायला बसला की वाडग्याभोवती हाताचं कडं करून तीन मिनिटांत संपवायचा. माहिनूरची आई ताजिनिसा ओरडायची, “अरे, वाडगा पळून नाही जात कुठे!” तो ओशाळून हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पहिल्याच दिवशी माहिनूरनं त्याला वडिलांचा फोटो दाखवला होता. त्यानं फोटो हातातही घेतला नाही.

“तोंडं कोणाची दिसली, ताई? साहेबाचा आवाज आला की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हात डोक्यामागे. मी चार वर्षं भिंत बघितली.”

नियाज आकांचं तसं नव्हतं. तेही आतूनच आलेले, पण शांतपणे जेवायचे, नानचा चुरा सांडू द्यायचे नाहीत. बसायचे मात्र कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दाराकडे नजर ठेवून. आतून आलेली माणसं अशीच बसतात. जुम्म्याची नमाज सुटली की ते यायचे आणि येताना माहिनूरसाठी तिचे वडील थोडे थोडे घेऊन यायचे. आजचा आठवा शुक्रवार.

तिचे वडील तुर्गुन उस्ताद लग्नाचा स्वयंपाक करायचे. माहिनूर अकरा वर्षांची असताना त्यांना घरातून नेलं. त्यानंतर नऊ वर्षांत फोन नाही, चिठ्ठी नाही. गेले म्हणावं तर नझिर घालायला हवी, मयताच्या नावानं लोकांना पोलो वाढायला हवा. ताजिनिसा ते करू देत नव्हती. माणूस जिवंत असला तर? मग त्याच्या नावानं कढई चढवणं म्हणजे त्याला आपल्याच हातानं पुरणं. नऊ वर्षं ती ना धड नवऱ्याची होती ना धड विधवा, आणि आताशा खंगत चालली होती. माहिनूरला ते बघवत नव्हतं.

“आका, ती मिठाची गोष्ट सांगा ना.”

“पुन्हा?” ते हसले. त्यांचा आवाज नेहमी खालच्या पट्टीत असायचा, ऐकायला पुढे वाकावं लागायचं. “तू जन्मलीस तो दिवस. दोनशे माणसांचं लग्न. मुलगी झाल्याचा निरोप आला, आणि तुझ्या बापानं आनंदाच्या भरात कढईत मीठ दोनदा टाकलं. पण त्याच्याकडे बघून एकानंही तोंड वाकडं केलं नाही. सगळे जेवले आणि विहिरीचा तळ दिसेपर्यंत पाणी प्यायले.”

“नवरीच्या मामानं केलं होतं की!” चहा ओतता ओतता ताजिनिसा म्हणाली. “चांगला थुंकला होता मेला.”

नियाज आकांचा हात वाडग्यावर थांबला. “मामा? मामाचं तो कधीच बोलला नाही.” त्यांना ते जरा लागलंच. “अकरा वेळा सांगितलं त्यानं मला हे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मीच म्हणायचो, पुन्हा सांग. लग्नाला कोण कोण आलं होतं ते सांग. तर म्हणायचा, मी कढईत बघत होतो, तोंडं कुठे बघितली!”

मायलेकी खळखळून हसल्या. अगदी तसेच बोलायचे उस्ताद. हसता हसता ताजिनिसाचे डोळे भरून आले. किटली खाली ठेवून ती त्यांच्यासमोर बसली. आठ शुक्रवारांत पहिल्यांदाच.

“नियाजभाऊ, आज खरं सांगा. घालू का मी त्यांची नझिर?”

नियाज आकांचे ओठ हलले, पण आतल्या थापांमध्ये काही ऐकू आलं नाही. ताजिनिसानं कान पुढे केला. तरी नाही. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले,

“ए, थांब!”

थापा तिथल्या तिथे थांबल्या.

“घाला,” ते हळूच म्हणाले. “नेलं त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेला तो.”

“नक्की?”

“मी होतो ना त्या खोलीत. शेवटपर्यंत तेच सांगत होता. कढईत बघत होतो म्हणून.”

ताजिनिसानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या डोळ्यांना लावला. नऊ वर्षांचं साठलेलं रडू त्या हातावर सांडलं. “तुम्ही होतात तिथे,” ती म्हणत राहिली. “एकटे नव्हते ते. आपलं माणूस होतं जवळ.” नियाज आका मान खाली घालून बसले होते.

माहिनूरलाही रडू येत होतं, पण आधी कामाला लागणं बरं. नझिर घालायची तर गाजरं चिरायला हवीत, मोठी कढई काढायला हवी. डोळे पुसत ती आत गेली.

“सावुतभाऊ, ती वरची कढई...”

ओढलेली कणीक फरशीवर पडली होती. सावुत भिंतीला नाक टेकवून उभा होता, पिठानं माखलेले दोन्ही हात डोक्यामागे.